दोराचं दुसरं टोक

१

दोर वळायला दोन माणसं लागतात. एक चक्री फिरवायला आणि एक दुसरं टोक धरून उभं राहायला. आमच्या घरात चक्रीपाशी हे आणि दुसऱ्या टोकाला मी, असं गेली अकरा वर्षं चाललं होतं.

आमचे हे नोकरीत असताना नकाशे काढायचे. लोकांचे नवरे निवृत्त झाले की बायकोच्या स्वयंपाकघरात लुडबुड करतात, ह्यांनी जहाजं बांधायला घेतली. आत्ताचं तिसरं. जुन्या काळातली तीन डोलकाठ्यांची लढाऊ नौका, दोन्ही अंगांना मिळून चौऱ्याहत्तर तोफा, आणि हे सगळं पुढच्या खोलीतल्या मेजावर. लाकूडकाम दोन वर्षांत उरकलं. पण असल्या जहाजाचा जीव दोरांत असतो, असं ह्यांचं म्हणणं. डोलकाठ्या उभ्या धरणारे काळे दोर, शिडं ओढणारे पिवळट दोर, चढायच्या शिड्यांचे दोर, तोफा बांधायचे दोर. शेकडो दोर, आणि जवळजवळ प्रत्येकाची जाडी वेगळी. बाजारचा दोरा ह्यांना चालत नाही. त्याला लव सुटते आणि जहाज लोकरीचं दिसतं म्हणे.

म्हणून दोर घरीच वळायचा. तीन धागे मेणातून ओढून चक्रीच्या तीन आकड्यांना अडकवायचे आणि त्यांची दुसरी टोकं एका लाकडी मुठीच्या आकड्यात. ती मूठ माझ्या हातात. पुढची खोली, बोळ, स्वयंपाकघर आणि मागची खोली अशी आमची सगळी दारं एका रेषेत आहेत, त्यामुळे तीस फूट धागा ताणता येतो. चक्री फिरली की पीळ भरतो, दोर आखडत जातो आणि धरणारीला हळूहळू पुढे ओढतो. तिनं ओढ ठेवायची पण अडवायचं नाही. ताणलं तर तुटतो, सैल सोडलं तर गुठळ्या येतात, आणि हातातून सुटलाच तर सगळा पीळ एका क्षणात उलगडून दोर वाया जातो. मागच्या खोलीतल्या खिडकीला पाठ लावून सुरुवात केली की दोर पुरा होईपर्यंत मी स्वयंपाकघराच्या मागच्या उंबऱ्याशी पोचलेली असायची. एकदा ह्यांनी माझ्याऐवजी इस्त्री टांगून पाहिली होती. दोर झाला, पण त्यात जीव नाही म्हणाले. इस्त्रीपेक्षा मी बरी ठरले, याचा आनंद मला आठवडाभर पुरला.

ह्यांचे कान जवळजवळ गेलेले आहेत. कानातलं यंत्र आहे, पण चक्रीची घरघर त्यातून डोक्यात जाते म्हणून कामाच्या वेळी काढून ठेवतात. डोळ्यांवर भिंगाचा चष्मा. त्यातून वीतभर अंतरावरचा धागा लख्ख दिसतो आणि पलीकडचं सगळं पुसट. म्हणजे मी त्या टोकाला नुसता एक ठिपका. पण दोरातून ह्यांना माझं सगळं कळायचं. "आज कुणावर चिडलीयस?" असं तीस फुटांवरून ओरडून विचारायचे, आणि मी खरंच चिडलेली असायची. एरवी मी घरात आहे की बाहेर गेलेय, याचा ह्यांना पत्ता नसायचा. बत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांचं लक्ष माझ्याकडे पुरतं लागायची एवढीच एक जागा उरली होती, आणि ती माझी होती.

२

गेल्या हिवाळ्यात माझा डावा खांदा धरला. डॉक्टरनं हात तासन् तास एकाच उंचीवर धरायला बंदी केली आणि आठवड्यातून तीन दिवस, दुपारी तीन ते पाच, व्यायामाला जायला सांगितलं. हे म्हणाले, "बरं." दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "एकच दोर. छोटा आहे."

छोटा म्हणजे चाळीस मिनिटांचा निघाला. मूठ खिळ्याला टांगताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ओरडले, "मला नाही जमायचं आता! बघा दुसरं कोणीतरी!" ह्यांच्या कानात यंत्र नव्हतं. ते सगळं त्या रिकाम्या खोलीलाच ऐकू गेलं.

पुढच्या मंगळवारी व्यायामाहून परत आले तर हे रिळावर नवाकोरा दोर गुंडाळत होते. चेहरा उजळलेला.

"आज काय हात लागलाय तुझा!" म्हणाले. "ये, बघ."

मी बघितला. अकरा वर्षांत दोर कळायला लागतो. पीळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा, कुठे फुगवटा नाही, कुठे कसर नाही. बोटांतून ओढला तर पाण्यातून ओढल्यासारखा निसटत गेला.

"मी व्यायामाला गेले होते," मी म्हणाले.

"हो, हो," हे म्हणाले, आणि कानातलं यंत्र नीट बसवत हसले. आपल्या माणसाची थट्टा कळली की हसतात तसं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांनी घरात कुणाला तरी बोलावलं होतं, माझी मूठ तिच्या हातात दिली होती, आणि वर माझ्याशी लपाछपी.

३

तिच्या म्हणजे कुणाच्या, हे मला विचार करायची गरजच नव्हती. ग्रंथपालबाई. जहाजांची जुनी पुस्तकं ह्यांना काढून देणाऱ्या. महिन्यातून एकदा जहाज बघायला यायच्या आणि "किती नाजूक!" असं प्रत्येक दोराला वेगवेगळं म्हणायच्या. एकट्या राहतात. नखं नीट कापलेली.

गुरुवारी मी व्यायामाला पोचेपर्यंत तीनदा मागे वळून पाहिलं. परत आले तर दुसरा दोर. शनिवारी तिसरा. मी फक्त दर वेळी मूठ कुठे आहे ते बघत राहिले. त्या पहिल्या मंगळवारी ती मागच्या खोलीतल्या खिळ्याला नव्हती. स्वयंपाकघराच्या मागच्या उंबऱ्यावर ठेवलेली होती. गुरुवारी पुढच्या उंबऱ्यावर. शनिवारी बोळात, चपलांच्या फडताळावर.

दोर पुरा झाला की धरणारी जिथे पोचलेली असते तिथे मूठ ठेवते, हे मला ठाऊक आहे. पण तीस फुटांचा दोर कितीही आखडला तरी बोळापर्यंत येत नाही. मी रिळावरचे तिन्ही दोर टेपनं मोजले. लांबी जितकी यायला हवी तितकीच. म्हणजे धरणारी स्वयंपाकघरातच थांबली असणार आणि मग मूठ घेऊन उगाच पुढे फिरत आली असणार. माझ्या घरात हिंडत, असं मी मनात म्हणाले, आणि मूठ उचलली. गरम होती. मेणाचा एक थर चढलेला आणि त्यात चार बोटं उमटलेली. मी माझी बोटं त्यांवर ठेवून पाहिली. बरोबर बसली, तेव्हा माझा राग आणखीच वाढला. तिचा हातसुद्धा माझ्याच मापाचा असावा?

सोमवारी मी तडक वाचनालयात गेले.

"अय्या, वहिनी! तुम्ही?" बाई म्हणाल्या. "पुस्तक हवंय का?"

"छे, सहज. इकडून चालले होते."

त्यांच्या उजव्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर होतं.

"हे कधी?"

"झाले की पाच आठवडे! शिडीवरून पडले. साधा शिक्का मारता येत नाही हो. तुमच्या ह्यांना निरोप दिला होता, जहाज बघायला येणं होणार नाही म्हणून. सांगितलं नाही त्यांनी?" मग त्या हसल्या. "त्यांना सांगायचं सुचणारच नाही. परवा येऊन उभे राहिले तर अर्धा तास तुमचंच कौतुक. म्हणे, इतकी वर्षं ती धरत होती, पण आत्ता कुठे तिचा हात खरा लागला. म्हणे, आता दोर वळताना एकटं वाटत नाही."

मी त्यांचे आभार मानले. का मानले ते मला माहीत नाही. बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले. इतका वेळ एक बाई मला सोसत नव्हती. आता तीही हातातून गेली होती, आणि जे उरलं होतं त्याला द्यायला माझ्याकडे नाव नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला भीती नाही वाटली. "आत्ता कुठे खरा लागला" हेच टोचत होतं. माझी अकरा वर्षं खोटी होती का?

४

मी ठरवलं, आपणच धरायचा. खांदा गेला तर गेला.

बुधवारी मी होऊन म्हणाले, "अहो, आज वळू या." हे खुश. मी खिडकीला पाठ लावून उभी राहिले, दोन झटके दिले, म्हणजे तयार. चक्री घरघरायला लागली. मी जिवाचा आटापिटा केला. श्वाससुद्धा मोजून घेतला. पाच मिनिटांत खांद्यात कळ गेली, हात जरासा खाली आला आणि मधोमध एक गुठळी उठली. मग दुसरी. चक्री थांबली.

हे पुढच्या खोलीतून आले नाहीत. नुसतं ओरडून म्हणाले, "आज तुझं मन नाही त्यात. राहू दे." आणि कात्रीचा आवाज आला. माझ्या हातातला दोर एकदम मऊ पडला.

जेवताना मी ह्यांच्या कानात यंत्र आहे याची खात्री करून घेतली आणि सगळं सांगितलं. व्यायामाच्या दिवशी मी घरात नसते. पाच वाजून गेल्याशिवाय परत येत नाही. हवं तर व्यायामवाल्या बाईंना विचारा.

हे चावायचे थांबले.

"मग धरतं कोण?" म्हणाले.

"तेच मी विचारतेय."

ह्यांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. चष्मा साधा होता, नीट दिसत होते मी. मला वाटलं आता हे घाबरतील, उठतील, माझा हात धरतील. पण ह्यांनी मान हलवली, समजूत घालावी तशी.

"अगं, आजचा दोर बिघडला म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाले. "बत्तीस वर्षं झाली. मला तुझा हात कळत नाही का?"

कळत होता ना. दोन हात होते, आणि ह्यांनी माझा म्हणून दुसराच निवडला होता.

रात्री मूठ मी माझ्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. सकाळी कुलूप तसंच होतं आणि मूठ आतच होती. गुरुवारी मी व्यायामाला जाताना किल्ली बरोबर नेली. परत आले तेव्हा पुढच्या खोलीच्या दारात, ह्यांच्या खुर्चीपासून चार पावलांवर, मूठ जमिनीवर ठेवलेली होती. कपाट उघडून पाहायची मला हिंमत झाली नाही. हे रीळ दिव्यासमोर धरून बघत होते. त्या दोराकडे ज्या डोळ्यांनी बघत होते, तसं माझ्याकडे बघितल्याला किती वर्षं झाली, ते मी मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

५

शेवटचा दोर नांगराचा. जहाजावरचा सगळ्यात जाड, तीन दोरांचा पुन्हा एक दोर. तो शनिवारी वळणार होते. तो झाला की वळायचं काम संपलं.

पावणेतीनला मी ह्यांना दिसेल अशी पिशवी उचलली, दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसले. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकीचे पडदे झटकत होतं. एक मांजर येऊन माझ्या पिशवीचा वास घेऊन गेलं. मी घड्याळात सव्वातीन होऊ दिले. मग चप्पल हातात घेतली आणि किल्लीनं दार अगदी हळू उघडलं.

आमचं दार बोळाच्या मधोमध उघडतं. समोर, माझ्या कमरेच्या उंचीवर, दोर होता. ताणलेला, आणि स्वतःभोवती सावकाश फिरणारा. डावीकडे पुढच्या खोलीत चक्रीची घरघर आणि ह्यांची वाकलेली मान. उजवीकडे दोर स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत शिरलेला.

मी दोराला हात लावला नाही, तरी त्यातली ओढ मला कळत होती. न ताणलेली, न सैल. दोर आखडत होता आणि त्या टोकाला कुणीतरी नेमकं तितकंच पुढे येत होतं. मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर माझी सकाळची कपबशी होती. मागच्या दाराच्या चौकटीपलीकडे मला एक कोपर दिसलं.

तेवढंच दिसत होतं. दुमडलेलं डावं कोपर, बाहीशिवाय, उजेडात जरा करडं. ते थोडं सैल पडायचं, थोडं आवरायचं, पुन्हा सैल पडायचं. मला पळायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी त्या कोपराकडे बघत राहिले, आणि मनात आलं ते असं, की किती सुंदर धरतेय ही. मला अकरा वर्षांत हे एकदाही जमलं नाही. त्या विचारासरशी माझं डोकं सणकलं.

मी डोळे मिटले. दोराच्या अंगानं हात पुढे नेत गेले. मेण, पीळ, मेण, मग लोखंडी आकडा, मग मूठ. मुठीवर बोटं होती. ती गरम होती आणि माझ्यासाठी जराही दचकली नाहीत.

"माझं आहे," मी म्हणाले. "सोड."

तिनं ओढून धरलं नाही. जड वस्तू दुसऱ्याच्या हातात नीट द्यावी तशी तिनं मूठ दिली, एकेक बोट काढत, माझी पकड बसली की नाही ते बघत, दोराची ओढ एका केसानं न बदलू देता. मग माझ्या खांद्याला खांदा घासून कुणीतरी पुढे निघून गेलं. अनवाणी पावलं. मी ती मोजली. स्वयंपाकघर, उंबरा, बोळ.

मी डोळे उघडले तेव्हा माझ्यापुढे नुसता दोर होता आणि दोराच्या शेवटी पुढची खोली. मेजावरचं जहाज मध्ये येत होतं. त्याच्या दोरांच्या जाळीतून मला ह्यांची मान दिसली, आणि स्टूल ओढल्याचा आवाज आला. जहाजापलीकडे ह्यांच्या शेजारी कुणीतरी बसलं. एक पाठ दिसली, आणि एक खांदा, डावा, किंचित वर उचललेला. माझा दुखतो म्हणून मी उचलून धरते तसा.

ह्यांनी एका हातानं चक्री चालूच ठेवली. दुसरा हात त्या खांद्यावर ठेवला.

"अगं, तू इकडे कशी?" ह्यांचा आवाज. ऐकू येत नसलेली माणसं बोलतात तसा मोठा. "मग तिकडे कोण धरतंय?"

काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. ह्यांना मात्र आलं असावं, कानात यंत्र नसताना. ह्यांनी मान वर केली आणि भिंगाच्या चष्म्यातून माझ्या दिशेनं पाहिलं. मी हाक मारायला तोंड उघडलं. मूठ टाकून धावत जावं, एवढंच करायचं होतं. दहा-बारा पावलं. पण टाकली असती तर नांगराचा सगळा दोर उलगडून वाया गेला असता, आणि हे तिच्याशेजारी बसून म्हणाले असते, धरणारीचं आज मन नव्हतं त्यात.

ह्यांनी बराच वेळ बोटांवर दोर तोलून पाहिला.

"बरं धरतंय," ह्यांनी तिला सांगितलं. "तुझ्यासारखं नाही. पण बरं धरतंय, जे कोणी आहे ते."

चक्री फिरत राहिली. माझ्या खांद्यात कळ सुरू झाली होती. मी पाय जरा फाकवले, श्वास आत घेतला आणि हात कमरेच्या उंचीवर स्थिर केला. अजून बराच पीळ भरायचा होता. ह्या दोरात एकसुद्धा गुठळी येऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं.